आंदणाचा आंबा

फुलाबाईला राग यायला फार काही लागत नसे, हे सातपूरच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. नळाला पाणी कमी आलं, दुधात पाणी जास्त आलं, शेजारणीने हिच्या दोरीवर आपले कपडे वाळत घातले, की फुलाबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. पण तो राग जसा यायचा तसा ओसरायचा. संध्याकाळी त्याच शेजारणीकडे ती वाटीभर कालवण घेऊन जायची आणि वर तिचीच चौकशी करून यायची. दोन हजार तीन सालच्या आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला जो राग आला, तो मात्र वेगळ्या जातीचा होता. तो आला आणि मुक्कामालाच राहिला.

कारण एक आंब्याचं झाड.

फुलाबाईचं माहेर पेठच्या पलीकडे, डोंगरउतारावरच्या एका पाड्यात. तिचं लग्न ठरलं तेव्हा बापाकडे, सोमाकडे, लेकीला द्यायला ना भांडी होती ना सोन्याचा डाग. त्या भागातल्या काही घरांत लेकीला झाड आंदण द्यायची रीत होती. जमीन मुलाची, पण जमिनीवरचं एखादं झाड लेकीचं. सोमाने मांडव उतरायच्या आधी सगळ्या वऱ्हाडाला बांधावर नेलं, लेकीचा हात आंब्याच्या खोडावर ठेवला आणि पंचांच्या देखत सांगितलं, "हा आंबा फुलाचा. हा उभा हाय तवर तिला या घरात यायला कोणाचं बोलावणं लागायचं नाय."

तेव्हापासून त्या आंब्याचे नियम ठरले. भावाने सावलीत बसावं, बैल बांधावेत, वाऱ्याने पडलेलं फळ पोरांनी खावं. पण फुलाबाई स्वतः आल्याशिवाय त्या झाडाला कुणी फळं उतरवायला झेला लावायचा नाही. आखातीच्या आधी पाड्यात कुणी आंब्याला तोंड लावत नसे, पूर्वजांना दाखवल्याशिवाय नवं फळ खायचं कसं? तर फुलाबाई आखातीला यायची, पहिला आंबा उतरवून आईबापाच्या नावाने ठेवायची, आणि मग दोन दिवसांत पोती भरून एसटीच्या टपावर चढवायची. कंडक्टरशी दर वर्षी भांडण व्हायचं. दर वर्षी कंडक्टर हरायचा.

आंबा रायवळच. साल जाड, गर रेषाळ, कोय मोठी, आणि वासाला चक्क शेपूची भाजी, म्हणून त्याचं नावच शेप्या. बाजारात नेला असता तर कुणी हुंगूनही बघितलं नसतं. पण फुलाबाई खाटेखाली भाताच्या पेंढ्यात त्याची आढी घालायची आणि दोन खोल्यांचं ते घर असं काही घमघमायचं, की नवरा पुंजाराम कारखान्यातून आला की दारातच थांबायचा. पहिल्या वर्षी नाकं मुरडणाऱ्या शेजारणी पुढे चैत्रापासून विचारायला लागल्या, "फुलाबाई, माहेरी कधी जाणार?"

बाप गेला तेव्हा जमिनीतला वाटा फुलाबाईने आपणहून सोडला. भाऊ लहानू तिच्याहून बराच लहान, तिनेच कडेवर खेळवलेला. त्याला तरी काय होतं? उतारावरची नागलीची शेतं, थोडा भात. दिवाळी झाली की बायकोला, शकूला, घेऊन तो दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यात मजुरीला जायचा. अशा भावाकडून काय घ्यायचं? "मला माझा आंबा हाय," ती म्हणाली होती, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात लहानूने पाड्यातल्या एका माणसाबरोबर निरोप धाडला. यंदा मोहोर नाही, झाडाला एक फळ नाही, ताईला म्हणावं उगाच हेलपाटा घालू नको. फुलाबाईला वाईट वाटलं. झाडाचं वाटलं, त्याहून भावाचं वाटलं, की पोरांना खायला आंबा नाही. तिने त्याच माणसाबरोबर शकूसाठी नवं लुगडं धाडलं. हे लुगडं पुढे तिच्या फार डोक्यात गेलं.

पुढच्या आखातीला ती गेली. फाट्यावर उतरून चढणीची वाट धरली. ओहोळाच्या वळणावरून शेप्याचा शेंडा दिसायचा, लांबूनच, सगळ्या पाड्याच्या वर. त्या दिवशी वळण आलं आणि शेंडा दिसला नाही. फुलाबाईला वाटलं, आपण भलत्याच वाटेला लागलो. ऊन डोक्यावर होतं, चाळिशी उलटून गेली होती, चुकली असेल वाट. पण ओहोळ तोच होता, कुंपणाचा निवडुंग तोच होता. ती भराभर चढली.

बांधावर छातीएवढं खोड उभं होतं. वरून सपाट कापलेलं, कापलेल्या जागी मोरचुदाचा निळसर लेप. ज्या खोडाला दोन माणसांची मिठी पुरत नव्हती, ते मुंडकं उडवलेल्या माणसासारखं दिसत होतं. खोडाच्या वरच्या कडेतून पाच-सहा हिरव्या काड्या निघाल्या होत्या आणि प्रत्येक काडीला मध्येच एक गाठ होती, प्लास्टिकच्या पट्टीने गच्च बांधलेली. गाठीच्या वरची पानं परकी होती. फुलाबाईला ती पानं लगेच ओळखू आली नाहीत, पण आपली नाहीत एवढं ओळखू आलं.

लहानू घरातून हात पुसत आला. तोंडभर हसत आला, हे विशेष.

"ताई, बघितलंस का? केशर!"

फुलाबाईने एका गाठीवर बोट ठेवलं. बहीण हरखली आहे असं लहानूला वाटलं असावं, कारण तो पुढे बोलतच सुटला. झाडं लावून देणाऱ्या एका संस्थेचे साहेब आले होते. पाड्यात वाड्या लावायच्या, केशरच्या. शेतात कलमं लावलीच, पण साहेब म्हणाले की हे जुनं धूडही वाया घालवायचं कारण नाही. "माघात मुंडकं उडवायचं. फूट निघाली की पावसाळ्यात तिच्यावर केशरची काडी बांधायची. मी शिकलोय ना आता! ह्या सगळ्या गाठी माझ्या हातच्या, साहेब बी वा म्हणाले. तिसऱ्या सालाला फळ. फकस्त गाठीखालून जी फूट येते ती सारखी खुडावी लागते. दोन महिने हात नाय लावला तर ती वर चढते आन कलम मारून टाकते. रानटी जात ना."

"इचारलंस मला?" फुलाबाई म्हणाली.

"आता तू इथं कुठं होतीस?"

"मी इथं का नव्हते, लहानू? गेल्या साली मोहोर नाय म्हणून निरोप कोणी धाडला?"

लहानूने मान खाजवली. मग त्याने जे उत्तर दिलं, ते फुलाबाईने पुढे वर्षभर कॉलनीतल्या प्रत्येक बाईला ऐकवलं. तो म्हणाला, "मी खोटं कुठं बोललो? मोहोर नव्हताच की."

मुंडकं छाटलेल्या झाडाला मोहोर कुठून असायचा! फुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ह्या उत्तरासाठी तिने लुगडं धाडलं होतं. शकू दारात उभी होती आणि तिच्या अंगावर तेच लुगडं होतं. फुलाबाईने हातातल्या रिकाम्या पिशव्या जमिनीवर आपटल्या, आणि मग ती जे बोलायला लागली ते वरच्या पाड्यापर्यंत ऐकू गेलं. बापाचं नाव घेतलं, कडेवर खेळवल्याचं काढलं, सोडलेल्या जमिनीचं काढलं. लहानू आधी ऐकत राहिला. मग त्याचंही डोकं फिरलं.

"अगं पण झाड कुठं पळालं का? तुझंच हाय ते. उलट चांगलं केलं त्याला. शेपूचा वास मारणारं फळ कोण खातं?"

"मी खाते!"

"तू खा. मला मळ्यात मजुरीला जायचं नाय आता. दर साली बायका-पोरं घेऊन, दुसऱ्याच्या बांधावर पाल टाकून राहायचं नाय. केशर बाजारात जातंय."

ह्यात खोटं काही नव्हतं आणि फुलाबाईलाही ते ठाऊक होतं. भावाच्या हाताला द्राक्षाच्या औषधाने पडलेल्या भेगा तिने पाहिल्या होत्या. क्षणभर तिचा आवाज खाली आला. ती म्हणाली, "बरं. मग हे केशर लागलं म्हंजे कोणाचं? माझ्या झाडाला लागलं ना?"

लहानू गप्प राहिला असता तरी चाललं असतं. हसून "तुझंच, ताई" म्हणाला असता तर फुलाबाईने बहुधा त्यातलं अर्धं तिथेच त्याच्या पदरात टाकलं असतं, इतकी ती भोळी होती. पण लहानूने हिशेब आधीच करून ठेवलेला असावा. तो म्हणाला, "बापानं तुला रायवळ दिला होता. केशर कुठं दिला होता?"

आणि तेव्हा फुलाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाड तोडलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. म्हणून झाड उभं ठेवून त्यातून बहिणीला तेवढं काढून टाकलं होतं. खोड तिचं, फळ त्याचं. आता ती माहेरी यायची ती कशाला यायची? पाहुणी म्हणून यायची, चहा प्यायची आणि शेवटच्या एसटीने परत जायची. बापाने खोडावर ठेवलेला तिचा हात भावाने उचलून बाजूला केला होता, आणि वर साहेबांची शाबासकी मिळवली होती.

"पंच बोलव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. शाळेच्या ओट्यावर झुंबरबाबा, हा पाड्याचा जुना कारभारी, आणि त्याच्याबरोबर चार-पाच म्हातारे. आखातीचा सण, सगळी माणसं घरीच, त्यामुळे बघ्यांची कमतरता नव्हती. झुंबरबाबा फुलाबाईच्या लग्नात हजर होता. सोमा काय बोलला ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं आणि त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलंही. फुलाबाईला वाटलं, झालं, न्याय इथेच झाला.

पण म्हाताऱ्याला लहानूबरोबर राहायचं होतं. त्याच्याही शेतात संस्थेची कलमं होती आणि ती बांधली होती लहानूनेच. शिवाय फुलाबाई काय, वर्षातून दोन दिवस येणार, बोंबलणार आणि जाणार. पंचांनी तंबाखू मळली, एकमेकांत कुजबुज केली, आणि झुंबरबाबाने घसा साफ केला.

"पोरी, झाड तुझं, त्यात वाद नाय. पण कलमाची काडी लहानूनं आणली, बांधली, राखली. तवा पंचांचं असं म्हणणं हाय, की गाठीच्या वर जे हाय ते लहानूचं. गाठीच्या खाली जे हाय ते तुझं. दोघांचं बी राहिलं."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. गाठीच्या खाली होतं काय? एक कापलेलं खोड. सरपणाला चांगलं. झुंबरबाबाने फुलाबाईच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही इतक्या गोड आवाजात, की कुणाला बोलायला जागाच नव्हती. लहानूने वाकून म्हाताऱ्याचे पाय धरले.

 फुलाबाई ओरडली नाही याचंच लोकांना नवल वाटलं. खरं म्हणजे तिने तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या ओट्यासमोर रडण्यापेक्षा तिने जीभ चावली असती. ती उठली, पदर खोचला आणि सरळ बांधाकडे निघाली. तिला एकदा खोडाला हात लावायचा होता आणि मग एसटी धरायची होती. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं तिने चालता चालता ठरवलं.

लहानू मागून आला. निकाल लागल्यावर माणूस जसा दिलदार होतो, तसा तो झाला होता. त्याच्यामागून झुंबरबाबा काठी टेकत आला, पंच आले, बघे आले, पोरं आली. सणाच्या दिवशी एवढी करमणूक कोण सोडणार?

"ताई, राग धरू नको," लहानू खोडाजवळ उभा राहत म्हणाला. "फळ लागलं की एक पेटी तुझ्या घरी. सोता आणून देईन सातपूरला." आणि बोलता बोलता, सवयीने, त्याचा हात खोडाकडे गेला. सालीतून दोन बोटं उंचीचा, तांबूस पानांचा एक कोंब बाहेर आला होता. लहानूने तो अंगठ्याने मुळातून दाबला.

फुलाबाईने त्याचं मनगट धरलं.

"हा कोणाचा?"

"काय?"

"हा कोंब. गाठीच्या वरचा का खालचा?"

लहानू हसला. "खालचा. हा रानटी, खुडायचा असतो. काल सांगितलं ना तुला."

"सांगितलंस ना. म्हणूनच इचारते." फुलाबाईचा आवाज चढला नव्हता. कॉलनीतली कुणी तिथे असती तर तिला भीती वाटली असती. "झुंबरबाबा, तुमी पंच. गाठीच्या खालचं कोणाचं म्हणालात?"

म्हाताऱ्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझं."

"मग माझ्या झाडाचा कोंब हा का खुडतोय? माझं फळ तोडलं तर चोरी ना? मग माझी फूट तोडली तर काय?" तिने लहानूचं मनगट झटकून दिलं. "ऐका सगळ्यांनी. गाठीच्या वर लहानूचं. मी त्याच्या पानाला बोट लावणार नाय. पण गाठीच्या खाली जेवढं फुटंल तेवढं माझं. एक कोंब खुडलेला दिसला, तर मी सातपूरवरून येईन आन ह्याच ओट्यावर बसंन. तुमचाच निकाल हाय, मी काय नवं सांगत नाय."

पहिल्यांदा कुणाला उमगलंच नाही. मागची एक म्हातारी म्हणाली, बरोबर तर बोलतेय पोरगी. मग ज्यांच्या शेतात कलमं होती त्यांचे चेहरे एकेक करून उतरले. सगळ्यात शेवटी लहानूचा उतरला, कारण तो निकालाच्या आनंदात होता. खालची फूट वर चढली की कलम मरतं, हे त्या पाड्यात सगळ्यांना त्यानेच शिकवलं होतं.

"ताई, असं करू नको," तो म्हणाला. "पार मरंल ते."

"मी काय करतेय? मी तर हात बी लावत नाय."

झुंबरबाबा काठी टेकत मागे वळला. स्वतःचा निकाल कालच्या कालवणासारखा दुसऱ्या दिवशी फेकता येत नाही, निदान एवढ्या माणसांसमोर तरी नाही. फुलाबाईने कालपासून तिथेच पडलेल्या रिकाम्या पिशव्या उचलल्या आणि ती फाट्याकडे चालू लागली. एसटीत तिला बसायला जागा मिळाली, आणि सावळघाट मागे पडेपर्यंत ती रडली. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरी कुणी गेलं का? फुलाबाई म्हणाली, नाही, सगळे ठणठणीत आहेत.

वर्षभर राग धुमसत राहिला. पुंजाराम शांत माणूस. पाळीवरून आला की जेवता जेवता म्हणायचा, "जाऊ दे ना. भाऊच आहे. आंबे काय, नाशकात मिळतात." त्या "जाऊ दे"ने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "आंबे मिळतात हो," ती म्हणायची, "मला आंबे नकोत." मग काय हवंय, असं पुंजाराम विचारायचा, आणि तेवढं मात्र तिला नीट सांगता यायचं नाही. ती भांडी आपटायची.

दिवाळीच्या आधी लहानू सातपूरला आला. नागलीचं पीठ आणलं होतं, डोंगरातला मध आणला होता. फुलाबाईने चहा केला, पोहे केले, पोरांची चौकशी केली. मग लहानूने विषय काढला. फूट आता कमरेइतकी झालीय, कलमाची पानं पिवळी पडायला लागलीत, माझं लय नुकसान होतंय. साहेब येऊन गेले, त्यांनी डोक्याला हात लावला. शकू रोज बोलते. एकदा तू हो म्हण, मी एका दिवसात साफ करतो. फुलाबाई ऐकत राहिली. तो नुकसानाचं बोलला, साहेबांचं बोलला, शकूचं बोलला. ती वाट बघत होती की तो आणखी एक शब्द बोलेल. तो बोलला नाही. तिने पिठाची पिशवी रिकामी करून, धुऊन त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "गाडी चुकंल तुझी."

दोन हजार चारच्या आखातीला माहेराहून निरोप आला नाही, ये नाही आणि येऊ नकोही नाही. फुलाबाई गेली.

वळणावरून शेंडा दिसण्याचा प्रश्न नव्हता, पण बांधावर हिरवंगार काहीतरी उभं होतं. खोडाच्या चारी बाजूंनी फूट वर गेली होती, मनगटाएवढी जाड, माणसाच्या डोक्यावर पोचलेली. त्या गर्दीत केशरच्या काड्या शोधाव्या लागत होत्या. दोन तर पार वाळून गेल्या होत्या. एकीला मोहोर येऊन गेलेला दिसत होता, त्यातली एक कैरी, सुपारीएवढी, पिवळी पडून अजून लटकत होती.

झाडाखाली लहानू उभा होता. हातात कोयता होता. तो बराच वेळ तिथे उभा असावा, कारण त्याच्या पायाजवळ विड्यांची थोटकं पडली होती. बहिणीला बघून त्याने कोयता लपवला नाही.

"रोज येतो," तो म्हणाला. "रोज उचलतो आन रोज परत नेतो. समदा पाडा बघत बसतो, मी तोडतो का म्हणून. ताई, माझी दोन सालं गेली यात."

"हा आंबा राखायला बापाची किती गेली होती?"

"तेच! बाप, बाप! बाप गेला, ताई. मी हाय. मी यंदा पुन्हा मळ्यात गेलो, पोरांची शाळा बुडवून गेलो. तुझं घर हाय, पगार हाय. तुला ह्या फळावाचून काय अडलंय?" त्याचा आवाज फाटला. फुलाबाईला त्याच्यात एकदम कडेवरचा पोरगा दिसला, हट्टाने लाल झालेला. तिने पुढे होऊन त्याच्या हातातला कोयता घेतला असता आणि स्वतः ती फूट छाटली असती. खरोखर, एवढीशीच कसर राहिली होती.

"काय नाय अडलं," ती म्हणाली. "पण मला इचारायचं होतंस, लहानू. माघात, करवत लावायच्या आदी. एक माणूस धाडायचा होतास. निरोप द्यायला माणूस मिळाला, इचारायला नाय मिळाला?"

"इचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस!"

"हां," फुलाबाई ओरडली. "नाय म्हणाले असते! म्हणूनच इचारायचं असतं!"

बांधापलीकडे धुणं घेऊन चाललेल्या दोन बाया थांबल्या. लहानू बहिणीकडे बघत राहिला.  त्याला ते कळलं की नाही हे फुलाबाईला सांगता आलं नसतं. त्याने कोयता जमिनीत रोवला आणि तो ओहोळाच्या दिशेने चालता झाला, मागे न बघता. त्याने कोयता तिच्यासाठी ठेवला होता की तिच्यापुढे हरून टाकला होता, हेही कळायला मार्ग नव्हता.

फुलाबाई उभी राहिली. वर्षभर जो राग तिने पोसला होता, तो आता पुरता बाहेर आला होता, आणि तरी कमी झाला नव्हता.  एवढं एकच वाक्य तिला पुंजारामला सांगता येत नव्हतं, आणि ज्याला सांगायचं होतं तो ऐकून निघून गेला होता. तिने कोयत्याला हात लावला नाही.

थोड्या वेळाने शकू दारात आली. ती तोंड फुगवूनच होती. बांधाकडे न बघता, अंगणातल्या कोंबडीला सांगावं तशी म्हणाली, "चारची गाडी हाय शेवटची. चालायला तास लागतो."

"मला ठाव हाय," फुलाबाई म्हणाली. ती चालत अंगणात आली, चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि चुलीपुढे जाऊन बसली. "भाकरी टाकल्यात का?"

शकू तिच्याकडे बघत राहिली. मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं. नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वाटीत पातळ वरण. फुलाबाईने भाकरी मोडली. ती रागाने जेवली, एकेक घास चावून चावून, डोळ्यांतलं पाणी ठेच्यामुळे आलं असेल तर असो. भाकरी संपली तेव्हा तिने ताट पुढे सरकवलं.

"अजून एक वाढ," ती म्हणाली.